ओरेगॅनोची जागा

कालिरोईने ओरेगॅनोचं झुडूप बुंध्याशी धरलं आणि मुळासकट उपटलं. मग दुसरं धरलं. वरच्या अंगाला, तिच्याकडे पाठ करून, धाकटी जाऊ एव्हान्थिया विळ्याने फुलोरा कापत होती. तिला कशाचीच चाहूल नव्हती.

उजाडल्यापासून कालिरोई तिच्या मागावर होती. साठीतल्या गुडघ्यांना न जुमानता, बकऱ्यांच्या वाटेने, झाडाआड लपत ती इथवर चढली होती. जागा एकदाची सापडली होती. आता ती ठेवायची नव्हती. मला नाही ना, मग तुलाही नाही.

शेपू, पुदिना, पार्सली गावात सगळ्यांच्याच परसात असते, मागेल त्याला मिळते. डोंगरावरच्या ओरेगॅनोचं तसं नाही. आपली जागा कोणी कोणाला दाखवत नाही. म्हातारी बाई मरायला टेकली की एकाच माणसाला, कानात, ती सांगून जाते. त्यांची सासू देस्पो तीन वर्षांपूर्वी गेली आणि जागा राहिली एव्हान्थियाकडे. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचं नऊ वर्षं हगणं-मुतणं काढलं कालिरोईने. शेवटी लेकीच्या बाळंतपणाला यानिना शहरात गेली ती फक्त आठ दिवस. तेवढ्यात म्हातारी गेली आणि धाकटीने डाव साधला.

ऑगस्टातल्या मारियामातेच्या जत्रेला दोन्ही घरांतून बोकड भाजून जायचा. गर्दी व्हायची ती डोंगरावरचा ओरेगॅनो चोळलेल्या एव्हान्थियाच्या परातीभोवती. गेल्या साली पाद्रीबाबा बोटं चाटत म्हणाले, "देस्पो परत आली बघा!" त्यावर दिमोस न्हावी कालिरोईकडे वळला.

"तुझाही बोकड झकास आहे हो. फक्त अजून जिवंत बोकडासारखा वास मारतोय, तो मेलाय हे त्याला कोणीतरी सांगा!"

सगळे हसले. कालिरोईही हसली आणि घरी येऊन तिने परात आपटली. बोकडाचं तिला काही नव्हतं. म्हातारीच्या मनात आपण दुसऱ्या नंबरावर होतो, हे साऱ्या गावाने चाखून पाहिलं होतं.

तिसऱ्या झुडपासोबत दगड निसटला आणि घरंगळत गेला. एव्हान्थिया वळली.

"जाऊबाई! अहो, उपटू नका, पुन्हा येत नाही ते!"

"नकोच यायला! आठ दिवसांत काय पाजलंस गं म्हातारीला, की तिने तुझ्या पदरात सगळं टाकलं?"

एव्हान्थियाने विळा खाली ठेवला.

"मला नाही सांगितलं त्यांनी."

"मग काय स्वप्नात दिसलं?"

"तुम्हाला सांगितलं."

उपटलेलं झुडूप कालिरोईच्या हातातच राहिलं.

"शेवटी त्यांना दिसत नव्हतं," एव्हान्थिया म्हणाली. "मी पाणी पाजायला वाकले, तर माझा हात धरला. म्हणाल्या, कालिरोई, आलीस का? आणि सगळी वाट सांगितली. कुठला खडक, कुठला ओढा. मी म्हणायला हवं होतं, मी ती नाही. पण म्हटलं नाही."

"का?"

"माझ्याशी तशा मायेने त्या कधी बोललेल्याच नव्हत्या. तुमचा फार हेवा वाटायचा मला. वाटलं, घटकाभर तुम्ही होऊन बघावं. मग सांगायचं राहूनच गेलं."

कालिरोईच्या ओठांवर चार शिव्या आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. पस्तीस वर्षांत सासूने तिला सूनबाईखेरीज दुसरी हाक मारली नव्हती. म्हातारीला आपलं नाव तरी ठाऊक आहे का, असं तिला कितीदा वाटून गेलं होतं.

ती खडकावर बसली.

"नुसतं कालिरोई म्हणाल्या?"

"कालिरोई, पोरी, असं म्हणाल्या."

"कसं? म्हणून दाखव."

एव्हान्थियाने म्हणून दाखवलं.

"असं लांबून नाही," कालिरोई म्हणाली. तिने मातीने भरलेला हात पुढे केला आणि डोळे मिटले. "हात धरून म्हण."