हलकं ओझं

मी लामा बोलतोय, मठातला नव्हे, डोंगरात ओझी वाहणारा, लोकरीचा, चार पायांचा. जवळ या, थुंकणार नाही. थुंकण्याइतकी आपली ओळख अजून झालेली नाही.

माझं नाव याना, म्हणजे काळा. मला जन्म दिला आणि आई गारपिटीत मेली. धनी हिलारिओनं मला आपल्या पोंचोखाली घेतलं, बाटलीनं दूध पाजलं. पोटच्या पोरीला, नायदाला, त्यानं एवढं जपलं नसेल. कानांत लाल लोकरीचे गोंडे, गळ्यात घंटा आणि कळपात सगळ्यांच्या पुढे मी. माज चढायला आणखी काय लागतं?

आमची एक रीत आहे. ओझं जास्त झालं की लामा खाली बसतो. मग धन्यानं शिट्ट्या घालाव्यात, शिव्या द्याव्यात, ओझं उतरवल्याशिवाय तो उठत नाही. मी तर ओझं बेताचं असलं तरी बसायचो. माझं ओझं मग वाय्राच्या पाठीवर जायचं. वाय्रा कळपात सगळ्यांत लहान, पाठीनं कच्चा आणि अकलेनंही.

गेल्या आठवड्यात अंगणात बेत ठरत होता. नायदा आता पाहुण्यांना डोंगर दाखवते. या खेपेला इंकांची जुनी वाट धरायची होती. गर्दीची नव्हे, खिंडीपलीकडची, जिथे पायऱ्यांवर गवत माजलंय. तिनं एकेका मुक्कामासाठी जमिनीवर एकेक खडा मांडला.

"शेवटच्या मुक्कामाला मटण लागेल," ती म्हणाली. "जमिनीत भाजलेलं. मी कबूल करून बसलेय."

"इतके दिवस टिकायचं नाही ते," तिची आई पाउलिना बटाटे निवडता निवडता म्हणाली.

"टिकवायचं कशाला? चालत येईल की, स्वतःच्या पायांनी."

हिलारिओनं तोंडातला कोकाचा पाला या गालातून त्या गालात नेला. "कुणाला कापायचं?"

"तिथं गेल्यावर बघू. ज्याची गरज उरणार नाही त्याला."

मी कान टवकारले. मागच्या खेपेला जो लंगडायला लागला तोच गेला होता. म्हणजे जो दमेल तो जाणार, एवढं मला कळतं. निघायच्या सकाळी हिलारिओनं माझ्या पाठीवर तंबू चढवले आणि मी बसकण मारली. शिट्ट्या झाल्या, दोराचे फटके झाले. मी आपला रवंथ करत राहिलो.

"कामचुकार मेला," पाउलिना म्हणाली. "तंबू द्या त्या लहानग्याला. याच्यावर बटाट्यांची गोणी टाका."

तंबूंखाली वाय्राचे गुडघे लटपटले. मला गुदगुल्या झाल्या. हा मरणार म्हणून वाईट वगैरे काही वाटलं नाही, उगाच खोटं कशाला बोलू?

वाट सगळी चढणीची. रोज संध्याकाळी पाउलिना माझ्या गोणीतून बटाटे काढायची आणि सकाळी माझी पाठ आणखी हलकी व्हायची. तंबू काही कुणी खात नाही. खिंडीत वाय्राच्या तोंडाला फेस आला, तेव्हा मी घंटा वाजवत त्याच्या पुढून गेलो. एका पाहुणीनं माझ्या गळ्यात हात टाकून फोटो काढला, मला सफरचंद दिलं.

आज दुपारी शेवटचा मुक्काम आला. पाउलिनानं उरलेले बटाटे मटण भाजायच्या खड्ड्याजवळ ओतले आणि गोणी झटकली.

"वाय्राला कापू," हिलारिओ हळूच म्हणाला. "याला मी बाटलीनं वाढवलाय, बाई."

"मग उद्या तंबू कोण नेणार, बाबा? तुम्ही?" नायदा म्हणाली. "हा तर मोकळाच चाललाय. आणि ओझं दिसलं की बसतोय."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैलच शहाणा निघाला.

नायदा पाहुण्यांना वरचे दगडी चौथरे दाखवायला घेऊन गेली. त्यांना मटण हवंय, मरताना बघायला नकोय. हिलारिओनं माझ्या कानांतले गोंडे सोडवले आणि वाय्राच्या कानांत ओवले. घंटाही त्यालाच बांधली. खड्ड्यातले दगड तापून लाल झालेत.

आता तो दोर घेऊन येतोय. डोळे भरलेत त्याचे, पण चालता चालता दोराचा फास करतोय. मी घाबरलो आणि मला जे एकच येतं ते केलं. पाय दुमडून खाली बसलो.

शिट्टी कुणीच घातली नाही.

"बरं झालं, आपणहून बसला," तो पाउलिनाला म्हणाला. "पाय बांधायला सोपं."

वाय्रा, ओझं कितीही जड झालं तरी बसू नकोस रे.