घरचा कोयता

करिष्माने विजेचं बिल लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर धरलं. पंख्याच्या वाऱ्याने ते फडफडत होतं, म्हणून खालचं टोक तिने दुसऱ्या हाताने ताणून धरलं.

"नाव वाचा," पुण्याहून धनश्री मॅडम म्हणाल्या. कंपनीत पगाराचे आणि कराचे कागद त्या बघत.

"त्रिंबक सखाराम. माझे आजोबा."

"मग त्यांचं संमतिपत्र जोडा."

"ते वारले, मॅडम. अकरा वर्षं झाली."

तिच्या गावात, चकलांब्यात, मीटरवरचं नाव बदलायला कोणी जात नाही. माणूस जातो, बिल त्याच्याच नावाने येत राहतं आणि मागे राहिलेले ते इमानाने भरतात. यात काही चुकतंय असं करिष्मालाही आजवर वाटलं नव्हतं.

कंपनी घरून काम करणाऱ्यांना विजेचा आणि इंटरनेटचा खर्च देई. बिल मान्य झालं तर तो खर्च, त्यावर कर नाही. नाही झालं, तर तीच रक्कम पगारात मिळवून तिच्यावर कर कापत. करिष्मा दिवसभर लोकांचे विम्याचे दावे तपासायची. कागद नसला की काय होतं हे तिला कोणी शिकवायला नको होतं. पण इथे कागद होता, पैसे तिने भरले होते.

"म्हणजे खर्च मी केला, आणि तो माझी कमाई धरून वर कर कापणार?"

"नियम आहे, करिष्मा. सोडून द्या ना. रक्कम काही फार मोठी नाही. बाकीच्यांनी सोडलं."

"बाकीच्यांचं मला माहीत नाही. मी सोडणार नाही."

दोन वर्षांत ती या बाईंशी 'हो मॅडम' याच्या पलीकडे फारसं बोलली नव्हती. आता बोलून बसली होती आणि तिला बरं वाटत होतं.

मॅडमनी सुस्कारा सोडला. "घरमालकाचं पत्र आणा. ही खोली कामासाठी वापरता, बिल तुम्ही भरता, असं लिहून. पाचच्या आत. आणि मागे तो करकर आवाज कसला येतोय?"

"आई कोयत्याला कानस मारतेय."

"कशाला?"

"ऊस तोडायला जायचंय, मॅडम."

अंगणात वत्सलाबाई पायाखाली कोयता दाबून बसल्या होत्या. घरकुल मंजूर झालं तेव्हा कोण्या साहेबाने ते घरच्या बाईच्या नावावर करायला लावलं होतं. त्या कागदाची घडी त्यानंतर त्यांनी एकदाही उलगडली नव्हती.

"माय, एक सही पायजे." करिष्माने सगळं सांगितलं.

कानस थांबली नाही. "कंपनी पगार देती ना तुला? मग लाइटीचं बी मागायचं? लोक हासतील."

"हासू दे."

"तीस वर्सं झाली मला फडात जाऊन. कोयता घरचा, कानस घरची, ऱ्हायाला पाल बी घरचं. आमी कधी मुकादमाला मागितलं का?"

"कावून न्हाई मागितलं?"

वत्सलाबाईंनी कोयता उचलला, अंगठा धारेवरून फिरवला. मग पुन्हा फिरवला. लेकीचा राग आला होता त्यांना. हे कोणी विचारलंच नव्हतं आजवर.

"काम त्यांचं अन हत्यार आपलं," करिष्मा म्हणाली. "मी न्हाई सोडणार, माय."

"लई शानी झालीस."

पण त्यांनी पदराला हात पुसले. कागद पाट्यावर ठेवून, एकेक अक्षर जुळवत सही केली. मग बोट वरच्या ओळीवर नेलं.

"हितं काय लिव्हलंय?"

"मी या घराची मालकीण आहे."

"परत वाच."

करिष्माने परत वाचलं. वत्सलाबाई पुन्हा कोयत्याकडे वळल्या. कानस मात्र जमिनीवरच पडून राहिली.

पावणेपाचला मॅडमचं उत्तर आलं. बिल मान्य, कर कापला जाणार नाही. करिष्माला मोठ्याने हसू आलं. आईला सांगायला ती बाहेर आली, तर बंकटराव मुकादम बाजेवर चहा पीत बसला होता. तिचे वडील अजिनाथ शेळ्या घेऊन माळावरून अजून यायचे होते.

"मान्य झालं, माय. सगळं."

"झालं?" वत्सलाबाईंनी एवढंच विचारलं.

बंकटरावने कप खाली ठेवला. "तर वैनी, गाडी सोमवारी लागंल. तुमी दोघं नवराबायको, एक जोडी धरतो."

"धरा. अन कोयते दोन आणा."

"कसले कोयते?"

"कामाचे. काम तुमचं हाय ना?"

बंकटराव हसला. सोबत कोणी हसलं नाही, तेव्हा थांबला. "आसं कुठं आसतंय का, वैनी? रीत हाय. तोडणीवाल्याचा कोयता घरचाच आसतो."

"घरचा घरीच ऱ्हाईल."

त्या उठल्या. धार लावलेला कोयता त्यांनी आत नेला आणि करिष्माच्या टेबलाच्या वर, भिंतीतल्या खुंटीला, आरशाशेजारी अडकवला.

"आता मी कारखान्यात काय सांगू?" बंकटराव बाहेरून म्हणाला. "माझ्या हातात काय हाय?"

"तुमी नका सांगू. कागुद न्या."

लॅपटॉपवर पुढचा दावा येऊन पडला होता, स्क्रीन लुकलुकत होती. करिष्माने तो तसाच ठेवला, कोरा कागद घेतला आणि आईसमोर मांडी घालून बसली.

"सांग, काय लिहू?"

वत्सलाबाईंनी थोडा विचार केला.

"आधी ते लिव्ह. या घराची मालकीण हाय, ते."