तोंड एर्सिलियाचं

तोमासिनाच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. पडदा तिला दिसायचा तो नुसता उजेड म्हणून. तरी लेकीचा सिनेमा पहिल्यांदाच बेटावर आला म्हटल्यावर ती काळा रेशमी झगा घालून चर्चच्या सभागृहात पुढच्या बाकावर येऊन बसली. दिसत नाही तर काय झालं, ऐकू तर येतं, असं वाटेत भेटेल त्याला सांगत आली होती.

शेजारी तिची लेक एर्सिलिया तिचा हात धरून बसली होती. कोळ्यांच्या लग्नांत गाता गाता ती नेपल्सच्या रेडिओवर पोचली आणि तिथून रोमच्या सिनेमात. रोमवाल्यांना चेहरा आवडला, बोलणं नाही. त्याला मासळीबाजाराचा वास येतो म्हणाले आणि तिचे संवाद दुसऱ्या बाईकडून वदवून घेतले. पुष्कळ नट्यांचं असंच होतं, म्हणून तिनं ते मनाला लावून घेतलं नाही. या खेपेला मात्र गाणंही दुसरीकडूनच गाऊन घेतलं, आणि ती होकाराची मान हलवून मोकळी झाली. आईला सांगायचं धाडस काही झालं नाही.

"ही कोण गं? नाकात बोलतेय अगदी," नायिकेच्या पहिल्याच वाक्याला आई कुजबुजली. "तू कधी येतेस?"

"येईन, आई."

आई कान टवकारून बसली. गाणं सुरू झालं, गोड, उंच, परकं. बायका डोळे पुसायला लागल्या. मागून शेजारीण असुंता वाकली आणि तोमासिनाच्या खांद्यावर थाप मारून म्हणाली, "मावशी, काय गायलीय तुमची पोर! एवढा गळा कुठं लपवला होता?"

एर्सिलियाच्या हातातला आईचा हात थिजला. मग आई सावकाश म्हणाली, "लहानपणापासून अशीच गाते ती."

जन्मात कधी खोटं न बोललेली बाई. 

सकाळी ती पाद्रीबाबांपाशी पाप कबूल करायला निघाली. एर्सिलिया वाटेत आडवी आली. "आई, ते खोटं माझं आहे. मी सांगते."

"तोंड माझं होतं ना? मग पापही माझंच," आई शांतपणे म्हणाली. त्या बोलण्यात टोमणा नव्हता.

एर्सिलिया तिच्यामागून कबुलीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पुढच्या बायकांनी नटीला ओळखलं आणि कौतुकानं बाजूला सरून तिला वाट करून दिली.