फिक्क्या भाजीचा गंज

खुशालराव वकिलांना ‘माइल्ड’ हा शब्द डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यावर चहा पिताना मिळाला, आणि तेव्हापासून त्यांनी तो पानाच्या डब्यासारखा सतत जवळ बाळगला. अकोल्याची थंडी माइल्ड, चिखलदऱ्याची हवा माइल्ड, त्यांची तंबाखू माइल्ड, अंगाचा साबण माइल्ड. नवे मॅजिस्ट्रेट स्वभावाने माइल्ड होते, म्हणून वकीलसाहेबांच्या अशिलांना होणाऱ्या शिक्षाही माइल्डच असत. अशील तुरुंगातून काय म्हणत, ते बाहेर ऐकू येत नसे.

त्यामुळे जंगल सत्याग्रहाच्या सभेत पोलिसांनी लोकांना झोडपलं आणि सरकारी पत्रकात ‘माइल्ड लाठीचार्ज’ असं छापून आलं, तेव्हा त्यांना त्यात खटकण्यासारखं काही दिसलं नाही. सभा त्यांनीच बोलावली होती. स्वतः मात्र त्या दिवशी कामानिमित्त अमरावतीला होते.

शालिकराम माळी कामानिमित्त अकोल्यातच होता. वांग्यांची गाडी बाजारात रिकामी करून तो भाषण ऐकायला थांबला, आणि डोक्यावर लाठी बसून घरी आणला गेला. आठवडाभर पडून होता. शेवटी मुलीलाही ओळखेना.

ती मुलगी म्हणजे जमुना. मुलींच्या शाळेत मास्तरीण होती, मिळेल ते पुस्तक वाचत असे. बापाच्या मागे ती फारशी रडली नाही. भावकीतल्या बायका त्यावरून कुजबुजल्याही. तेरवीच्या सकाळी खुशालराव दुखवट्याचा ठराव घेऊन आले. पंगत उठली की मांडवात तो वाचायचा होता.

जमुनाने कागद वाचला. “काका, एवढा ‘माइल्ड’ काढा.”

“पोरी, तो सरकारी शब्द आहे. काढला तर आपण सरकारला खोटं पाडलं असं होईल.”

“पण माझा बाप त्याच माराने गेला.”

“गेला ना! ते लिहिलंच आहे. माइल्ड लाठीचार्जमध्ये दुर्दैवाने गेला.” त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. “आणि हो, माझ्या पानावर भाजी जरा माइल्ड वाढा. पोटाला सोसत नाही.”

चुलीपाशी आत्या, पार्बताबाई, आलू-वांग्याच्या भाजीच्या मोठ्या गंजात पळी फिरवत होती. भावाला आवडायची तशीच केली होती. वर तर्रीचा लाल थर.

“वकिलासाठी ह्या लायन्या गंजात फिक्की काहाडली हाये,” ती म्हणाली. “दूध पेनाऱ्या लेकरालेबी चालन.”

जमुनाने लहान गंजावर झाकण ठेवलं. “राहू दे, आत्या. त्यांना मी वाढते.”

तिने मोठ्या गंजातली भाजी द्रोणभर वाढली. पहिल्या घासाला खुशालराव थांबले. दुसऱ्याला त्यांच्या टोपीखालून घाम निथळला. नाकाडोळ्यांतून धार लागली, जीभ बोलायची राहिली. पण तेरवीची पंगत. द्रोण टाकायचा नाही आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय उठायचंही नाही. शेजारचे महादेवराव पाटील तर तिसऱ्यांदा भाजी मागत होते.

“वकीलसाहेब, शालिकराम तुमाले लयच प्यारा होता वाट्टे,” पाटील म्हणाले. “कवाचे रडून राहिले.”

जमुना पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली.

“पोरी, मी माइल्ड सांगितली होती!”

“माइल्डच आहे, काका.”

“अगं, जीव चालला माझा!”

“तुमचा राहील,” जमुना म्हणाली आणि त्यांच्या पेल्यात पाणी ओतून पुढच्या पानाकडे गेली.

हात धुतल्यावर खुशालराव मांडवाच्या खांबाशी गेले. मग खिशातून कागद काढून त्यांनी काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं, आणि बसलेल्या आवाजात ठराव वाचला. शालिकराम पोलिसांच्या लाठीमारात मरण पावला. एवढंच. पुढे मागे काही नाही. जमुनाने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

खुशालरावांनी घसा खाकरला. “आणि त्याबद्दल ही सभा सरकारचा माइल्ड निषेध करते.”

लोकांनी माना डोलावल्या. आत्या जमुनाच्या कानाशी लागली. “माय, तो लायना गंज तसाच पडून हाये. काय करू त्याचं?”

“डब्यात भर,” जमुना म्हणाली, “आणि वकीलसाहेबांच्या टांग्यात ठेव. त्यांना तेवढंच सोसतं.”