सुताराचा पाय आणि बुवांचं यंत्र

बायको गेल्याचा फोन आला, तेव्हा माझ्या झेरॉक्सच्या दुकानातला संगणक सांगत होता, ‘प्रकृती स्थिर’. कारखान्यातल्या आगीत ती भाजली होती. दवाखान्याच्या वेबसाइटवर रुग्णाचा क्रमांक टाकला की खबर दिसते. शेजाऱ्यांनी आपापल्या फोनवर पाहिलं, तिथे ‘मृत’. माझ्याकडे मात्र पान बंद करून पुन्हा उघडलं तरी ती जिवंतच.

संध्याकाळपर्यंत दुकानासमोर गर्दी जमली. गर्दीतून अंगारे-धुपारे करणारे बुवा आले. त्यांनी पडद्यावर तळहात टेकला.

“बाई अडकलीय. देह तिकडे, जीव इकडे. लहरी येतायत.”

“परत येईल?” मी विचारलं.

“येईल. पण देह घरी आणलास तर वाट बंद. मग ती एकटी जायची नाही, लेकीला घेऊन जाईल. आणि या यंत्राशी कोणी खेळायचं नाही.”

लेक माझा शर्ट धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं.

मी देह आणायला गेलो नाही. लोक येत, पडद्याला हात जोडत. दवाखान्यातून फोन येई, मी उचलत नसे. लेक शाळेत जाईना. वाटेत आई धरेल म्हणे. रात्री दिवा विझवू देईना.

मग मेहुणी आली. ती त्याच दवाखान्यात नर्स आहे.

“भावोजी, ताईचे डोळे मी माझ्या हातांनी मिटले. ती शवागारात पडलीय, आणि तुम्ही इथे जत्रा भरवलीत?”

“बाई,” बुवा म्हणाले, “सगळ्यांना दिसतंय ते खोटं?”

“खोटं नाही, शिळं आहे.”

तिने गर्दीवर नजर फिरवली. आमच्या गल्लीतला सुतार कुबडीवर उभा होता.

“दादा, तुमच्या पायाचं ऑपरेशन चाललं होतं, तेव्हा वहिनींनी खबर कुठे पाहिली?”

“इथेच की. याच डब्यावर.”

“नंबर सांगा.”

तिने तो टाकला. पडद्यावर आलं : ‘शस्त्रक्रिया सुरू’.

सुतार वाकून बघत राहिला. “मग हा पाय कुणाचा घेऊन आलो मी?”

लोक हसले. बुवा हसले नाहीत.

“यांचाही जीव अडकलाय का, बुवा?” मेहुणी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “भावोजी, ब्राउझर एकदा पाहिलेल्या पानाची प्रत आपल्याकडे ठेवतो. त्याला कॅशे म्हणतात. पुन्हा मागितलं की कधीकधी तो दवाखान्याला विचारतच नाही, जुनी प्रत पुढे करतो. तुमच्या झेरॉक्ससारखंच. मूळ कागद बदलला तरी तुमच्याकडची प्रत बदलते का?”

“हात लावू नकोस,” बुवा मला म्हणाले. “लेकरू जाईल.”

मेहुणीने लेकीला मांडीवर घेतलं. “माझ्याजवळ आहे ती. तुम्ही पुसा.”

ती सांगत गेली तसं मी सेटिंगमध्ये जाऊन साठवलेलं सगळं पुसलं. सुताराचं पान उघडलं : ‘घरी सोडले’. मग बायकोचा क्रमांक टाकला.

‘मृत’.

लेक मावशीच्या मांडीवरच होती.

“यंत्र बाटवलंत,” म्हणून बुवा निघाले. गर्दीने त्यांना वाट करून दिली. आगीत माणूस गमावलेली आणखी घरं या रस्त्यावर आहेत, आता ते तिकडे जातील.

एवढंच सांगतो. डोळ्यांना दिसलं तरी विचारा, हे आत्ताचं की मागचं? आणि तपासू नका असं जो म्हणतो, त्याला आधी तपासा.

बायको अजून शवागारातच आहे. तिला आणायला मला जायचं आहे.