पुसलेली खूण

मी एक जुना कागद आहे, मित्रांनो, आणि माझ्यावर एक खोटी खूण आहे. ती खोटी आहे हे मला धरून आजवर तिघांनाच ठाऊक होतं.

मला एका संशोधक बाईंनी दोन वर्षं खपून घडवलं. मुलांच्या खेळण्याला घरच्यांची साथ किती, हे त्यांना मोजायचं होतं, आणि तेही मोठ्यांना नव्हे, मुलांना विचारून. माझ्यावर बारा प्रश्न होते. प्रत्येकापुढे चार चौकोन: कधीच नाही, एखाद्या वेळी, बरेचदा, नेहमी. आधी 'क्वचित' असा शब्द होता, पण तो लहानग्यांना कळेना, म्हणून बाईंनी बदलला. माझ्या कपाळावर ठळक लिहिलं होतं, 'तुमची उत्तरं कुणालाही दाखवली जाणार नाहीत.' त्या वेळी मला स्वतःचा चांगलाच ताठा होता.

बाईंनी एक शब्दही दिला होता. ज्या शाळेत घरची साथ सर्वांत कमी निघेल, तिथलं मैदान रोज संध्याकाळी उघडं राहील, शिकवायला माणूस येईल आणि मुलांना घरी पोचवायचीही सोय होईल.

मी ज्या मुलीच्या वाट्याला आलो, तिला सगळे भिंगरी म्हणत. ती चालायची कमी आणि पळायची जास्त. शाळेचं मैदान घरापासून लांब, मधे मोठा रस्ता, त्यामुळे संध्याकाळी एकटीने जायला बंदी. आई कारखान्यातून अंधार पडल्यावर यायची. वडील बेकरीत भट्टीवर. पहाटे जायचे, आणि संध्याकाळी त्यांच्याने डोळे उघडे ठेववत नसत. 'घरचं कुणी तुला मैदानावर नेतं का?' या सातव्या प्रश्नापाशी भिंगरी जरा थांबली आणि तिने पेन्सिलीने 'कधीच नाही'वर खूण केली. मला हायसं वाटलं. आता हिला मैदान मिळणार होतं.

पण त्या शाळेला एक सवय होती. सहलीचा कागद असो की दाततपासणीचा, त्यावर पालकांची सही हवीच. खेळाच्या सरांनी त्याच सवयीने सांगितलं, "उद्या सगळ्यांनी घरून सही आणायची. सहीशिवाय कागद घेणार नाही." माझ्या कपाळावरची ओळ त्यांनी वाचलीच नव्हती. बाई त्या दिवशी दुसऱ्या शाळेत होत्या, त्यांना याचा पत्ताच नव्हता.

घरी वडील आडवे झाले होते. भिंगरीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, खोडरबर काढलं आणि मला इतकं घासलं, की तिथे मी पातळ झालो. मग तिने 'नेहमी'वर खूण केली.

वडिलांनी मला हातात घेतलं. त्यांच्या नखांत पीठ होतं.

"नेहमी? मी कधी गं आलो?"

"आला होतात की. माझी शर्यत होती तेव्हा."

"त्याला तीन वर्षं झाली."

"मला आठवतंय ना पण. करा सही."

त्यांनी पुसलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. खालची खूण त्यांना दिसली, हे मी शपथेवर सांगतो. त्यांनी सही केली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्या संध्याकाळी त्यांना झोप लागली नाही.

वर्गातले बहुतेक कागद असेच घासलेले होते. खुणा यंत्राने मोजल्या, आणि यंत्राला पुसलेलं दिसत नाही. शाळेला शंभरात एक्क्याण्णव गुण मिळाले. सरांनी आकडा फळ्यावर लिहिला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, भिंगरीनेही वाजवल्या. मैदानाची सोय दुसऱ्या शाळेला गेली.

मोजणी संपल्यावर आमचा गठ्ठा परत आला. तेव्हापासून मी खेळाच्या खोलीतल्या कपाटात, हवा गेलेल्या चेंडूखाली पडून आहे. पुढच्या वर्षी सर इथेच शर्यतीची नावं लिहून घेत होते.

"भिंगरे, तुझं नाव लिहू ना?"

"नको, सर. सरावाला यायला जमत नाही."

"न जमायला काय झालं? तुमच्या घरून तर एवढी साथ आहे."

"हो, सर," ती म्हणाली आणि गेली. चालत गेली.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, लहानांना काहीबाही विचाराल. त्यांचं उत्तर सहीसाठी घरी पाठवू नका. आणि माझ्यासारखा कागद कधी हाती आला, तर तो जरा उजेडात धरा. माझ्यावरचं 'कधीच नाही' अजून दिसतं.