सांज झाली, कोंबड्या कोन कोंडीन?

मी एक जुनी ढोलकी आहे. आर्णीतल्या एका घरात कपाटावर पडून असते. मित्रांनो, मला कोणी बोलायला सांगितलेलं नाही. पण वाजवायचं सोडून नुसती ठेवून दिलेली ढोलकी दुसरं करणार तरी काय?

माझं खोड आंब्याचं, कातडं बकरीचं. गावोगाव फिरणारा एक ढोलकीवाला मला खांद्यावर लटकवून घाटंजीच्या बाजारात घेऊन आला. तिथं या घरातल्या हमीदाच्या अम्मीनं मला इतकं बडवून पाहिलं, की तो बिचारा म्हणाला, "बाई, घ्यायची आहे की फोडायची?" घरी नेल्यावर त्याच अम्मीनं माझ्या तालावर स्वतः एक गाणं रचलं, अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी. लग्न होऊन निघालेली मुलगी आईला विचारते, "सांज झाली अम्मा, कोंबड्या कोन कोंडीन?" मग दिवा कोण लावील, पाणी कोण भरील, असं विचारत जाते, आणि शेवटच्या कडव्यात आई तिला उत्तर देते. ते उत्तर ऐकून बायका पदरात तोंड लपवून रडत. मी ढोलकी. माझ्या पोटात ताल तेवढा राहतो, शब्द राहत नाहीत. पहिली ओळ सतत ऐकली म्हणून ती चिकटली, एवढंच.

हमीदा लहानपणी तुरीच्या शेंगा सोलताना ते गुणगुणायची. तिच्या लग्नात अम्मीनं ते तिच्यासाठी म्हटलं आणि मला तिच्याबरोबर आर्णीला पाठवून दिलं. तिचा नवरा रहमत मोटारसायकली दुरुस्त करायचा. त्याला गाता येत नव्हतं. बायको रुसली की पान्यानं पेट्रोलच्या टाकीवर याच गाण्याचा ताल धरायचा, आणि ती आतून हसत बाहेर यायची. मुलगा आसिम जन्मला तेव्हा तेच गाणं तिनं संथ लयीत म्हटलं, अंगाईसारखं. रहमत गेला तेव्हा कितीतरी दिवस तिनं मला हात लावला नाही. मग एका दुपारी जवळ घेतलं, एकाच बोटानं हळूहळू वाजवलं, आणि ओठांतल्या ओठांत सगळी कडवी म्हटली. माणूस गेला तरी गाणं घरात राहतं, हे मला त्या दिवशी कळलं.

लग्न कुणाचंही असो, हमीदा मला मांडीखाली घेणार आणि शेजारच्या विमलताई चमच्यानं माझ्या लाकडावर ठेका धरणार, हे ठरलेलं. चमच्याचे व्रण अजून माझ्या अंगावर आहेत. ते मला कौतुकानं मिळाले आहेत, म्हणून दाखवते.

मग आसिमच्या मुलीचं, अलफियाचं, लग्न ठरलं. पोरगी आजीच्या गळ्यात पडून म्हणाली, "दादी, माह्या मेंदीले तेच गानं पायजे." हमीदाचा आनंद गगनात मावेना! विसरू नये म्हणून भांडी घासतानाही ती कडवी घोकत होती. वय झालं होतं. शब्द हातून निसटू लागले होते. ते तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. बाकी घराला कपड्यांच्या खरेदीतून फुरसत कुठं?

मे महिना होता. कूलरच्या ओल्या हवेनं मी सादळले होते, आवाज भदभद येत होता. मेंदीच्या दिवशी हमीदानं नातवाला हाक मारली. "आमिर, ढोलकी सादळली रे. घडीभर ऊन दाखव तिले, अन् लगेच सावलीत आन."

कॉलेजात जाणाऱ्या त्या शहाण्यानं मला कुठं ठेवावं? छपराच्या टिनावर! यवतमाळ जिल्ह्यातलं मे महिन्याचं ऊन, त्यात तापलेला टिन. तेवढ्यात डीजेची गाडी आली आणि स्वारी तिकडं पळाली. मी वाट पाहिली. कातडं ताणत गेलं, ताणत गेलं, आणि फाटलं. डीजेच्या दणदणाटात ते कोणाला ऐकू येणार?

संध्याकाळी मला फाटलेली पाहून विमलताई म्हणाल्या, "हमीदाबी, ढोलकी नसन तं नसन. आपन परात वाजवू." त्या उठून ओरडल्या, "भोंगा बंद करा रे, पोट्टेहो!" पोट्ट्यांनी ऐकलं नाही. अलफिया नाचता नाचता म्हणाली, "दादी, हे एवढं संपू द्या, मंग तुमचंच." ते संपलं, दुसरं लागलं. हमीदा मोतिया रंगाची नवी साडी नेसून भिंतीशी बसून राहिली. ते 'मंग' काही आलं नाही.

पुढं अलफिया बाळंतपणाला माहेरी आली. बाळ मांडीवर आलं तेव्हा तिला गाणं आठवलं. आमिरनं धावत यवतमाळहून माझी पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, बदलून आणली. गाणं भरून घ्यायला मोबाईल हातात धरून दोघं आजीसमोर बसली. हमीदानं मला जवळ घेतलं, तोंड उघडलं.

"सांज झाली अम्मा, कोंबड्या कोन कोंडीन..."

आणि थांबली.

"दादी, पुढं? अम्मा काय म्हनते तिले?"

हमीदानं मान वर केली. मग म्हणाली, "कोंबड्या? कोंबड्या तं कवाच्याच विकल्या, माय."

पण तिची बोटं थांबली नव्हती. एकाही ठिकाणी न चुकता त्यांनी सगळं गाणं वाजवलं, शेवटच्या कडव्यापर्यंत. आईचं उत्तर आलं आणि गेलं, नुसतं टपटपत. बाळ झोपलं. आमिर मोबाईल पाहून म्हणाला, "शब्दच नाही आले. ठेवू का काढून टाकू?" अलफिया तोंड फिरवून रडत होती.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझं कातडं दुकानात मिळतं. तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस भिंतीशी बसलं असेल, तर आज तो भोंगा बंद करा आणि त्याला सगळं गाणं म्हणायला लावा. 'मंग' म्हणू नका. हमीदा अजून रोज संध्याकाळी दाराशी जाते आणि अंगणात कोंबड्या शोधते.